वर्षानुवर्षं पडून असलेली जेट स्की चालू करताना: बटण दाबण्याआधीची कामं

तीन-चार वर्षं मांगरात, पडवीत किंवा ताडपत्रीखाली पडून असलेली जेट स्की बाहेर काढली की पहिला मोह होतो तो नवी बॅटरी लावून बटण दाबायचा. तो आवरा. नुसतं पडून राहिल्याने इंजिन सहसा मरत नाही. बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात जी घाई होते, तिने मरतं. गंजलेली रिंग सिलिंडर ओरबाडते, सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं, अर्ध्या तुंबलेल्या कार्बोरेटरमुळे पिस्टन वितळतो. यातलं प्रत्येक नुकसान टाळता येतं, पण कामं योग्य क्रमाने करावी लागतात.

२०२० च्या टाळेबंदीत तारकर्ली-देवबागपासून कळंगुटपर्यंत किनारे बंद झाले आणि बऱ्याच जणांच्या स्की जागच्या जागी राहिल्या. काहींचे मालक मुंबईला गेले, काही आखातात. आता घरातली तरुण मुलं त्याच स्की बाहेर काढतायत, आणि त्यांना सांगायला जवळ कोणी नसतं. मोटारसायकलचा मेकॅनिक हुशार असला तरी समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाशी त्याची गाठ पडलेली नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

१. आधी आपली स्की ओळखा

मागच्या बाजूला हलवर, म्हणजे स्कीच्या बाहेरच्या कवचावर, कोरलेला क्रमांक असतो. तो बहुधा १२ अक्षर-आकड्यांचा असतो, आणि अमेरिकी पद्धतीच्या क्रमांकात शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. त्याचा आणि इंजिन नंबरचा फोटो काढून ठेवा. सुटे भाग मागवताना लागतो, कागदपत्रांनाही लागतो.

पुढची निम्मी कामं दोन गोष्टींवर ठरतात. पहिली, इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? जुन्या यामाहा ७०१, ७६० किंवा सी-डूच्या ७८७ सीसीच्या स्की टू-स्ट्रोक. यामाहा व्हीएक्स किंवा सी-डूची ४-टेक फोर-स्ट्रोक. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची काडी) सापडली तर फोर-स्ट्रोक. वेगळी ऑइलची टाकी आणि तिच्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या दिसल्या तर टू-स्ट्रोक.

दुसरी, इंजिन कोणत्या पाण्याने थंड होतं? यामाहात बाहेरचंच पाणी इंजिनातून फिरतं, म्हणजे समुद्रात खारं पाणीच. सी-डूच्या ४-टेकमध्ये मोटारीसारखं कूलंट आत फिरतं. तिचा एक्झॉस्ट मात्र बाहेरच्या पाण्यावरच थंड होतो.

शक्य असेल तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत, शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

२. काय काय जवळ हवं

- मिलिमीटरचे पाने, सॉकेट सेट, प्लग पाना
- मल्टिमीटर
- कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा (प्लगच्या आट्याशी जुळणारं)
- नवीन स्पार्क प्लग, मॅन्युअलमधल्याच नंबरचे. सी-डूच्या जुन्या टू-स्ट्रोकला एनजीके बीआर८ईएस लागतो
- गंज सोडवणारा स्प्रे, कार्बोरेटर क्लीनर, मरीन ग्रीस
- पेट्रोल उपसायला हातपंप आणि नळी, झाकणाचा डबा, काचेची बरणी
- फोर-स्ट्रोकसाठी डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढणारा पंप. स्कीचं इंजिन हलच्या तळाशी बसवलेलं असतं, खालून ड्रेन बोल्ट उघडायची सोय नसते
- बागेला पाणी घालायचा पाइप आणि फ्लशिंगचा जोड (इंजिनातून गोडं पाणी फिरवायला)
- पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक, हाताशी. गाडीच्या डिकीत ठेवलेलं उपयोगाचं नाही
- एक जाणता सोबती. पहिल्या स्टार्टला दोन माणसं लागतातच

३. सीट काढा आणि थांबा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. स्कीचा इंजिनाचा भाग चहूबाजूंनी बंद, त्यामुळे वाफ तळाशी साठून राहते. सीट काढा, पुढची झाकणं उघडा आणि निदान अर्धा तास वारा लागू द्या. तोवर बॅटरीच्या वायरला हात लावू नका, आणि आसपास कुणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका. सगळं काम उघड्यावर करा. बंद शेडमध्ये इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, आणि त्या वायूला वास नसतो.

वारा लागतोय तोवर टॉर्च घेऊन आत बघा. एअर बॉक्समध्ये उंदरांनी घरटं केलेलं असतं, वायरी कुरतडलेल्या असतात. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे कुंभारीण माशी. हलच्या बाजूला पेन्सिल जाईल एवढं भोक असतं, थंड करणाऱ्या पाण्याची धार तिथून बाहेर पडते. या माशीला ते भोक फार आवडतं. मातीचं लिंपण करून ती ते बंद करते आणि वरून ते रंगाच्या डागासारखं दिसतं. टाकीच्या हवेच्या नळीचंही तेच. माती काडीने आत ढकलू नका, पाण्याने भिजवून बाहेर काढा.

मागच्या बाजूचे दोन ड्रेन प्लग उघडा. किती पाणी निघालं आणि ते खारं आहे का, ते बघा. तळाशी पाण्याची रेघ इंजिनाच्या अर्ध्यापर्यंत गेलेली दिसली, तर स्टार्टर मोटर खोलावी लागणार हे गृहीत धरा.

४. इंजिन हाताने फिरतंय का

स्पार्क प्लग काढा. त्यावर गंज, पांढरा थर किंवा पाणी आहे का ते पाहा आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. प्रत्येक भोकातून दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल किंवा गंज सोडवणारा स्प्रे सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन आणि पंप (मागे पाणी फेकून स्कीला पुढे ढकलणारा) जोडणाऱ्या कपलिंगवरचं आवरण काढा आणि शाफ्ट हाताने हलवा. सहज फिरला तर उत्तम. अडला तर जोर लावू नका. थोडा पुढे, थोडा मागे असं हलक्या हाताने करत राहा, पुन्हा ऑइल सोडा, पुन्हा एक रात्र जाऊ द्या. गंजाने चिकटलेल्या रिंगा अशा सुटतात. कपलिंगवर लांब पाइप लावून हिसका देणारे लोक मी पाहिलेत. त्यात रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरची भिंत कायमची खरवडून टाकतो.

शाफ्ट पूर्ण गोल फिरेपर्यंत स्टार्टर वापरायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि प्लग लावलेले असतील, तर पिस्टन त्या पाण्यावर आपटतो. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो रॉड.

५. बॅटरी

चार वर्षं पडलेली बॅटरी चार्ज होऊन वाचेल या आशेवर दोन दिवस घालवू नका, नवीन घ्या. एजीएम प्रकारची, मॅन्युअलमधल्या मापाची. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज १० च्या बरंच खाली जात असेल, तर बॅटरी, वायर किंवा स्टार्टर यांपैकी एकात दोष आहे.

चालू इंजिनाच्या मोटारीवरून जंप देऊ नका. जंप द्यावाच लागला तर मोटार बंद ठेवून द्या.

६. खर्चाआधी कॉम्प्रेशन

बहुतेक जण आधी कार्बोरेटरचं किट मागवतात, टाकी धुतात, नवे प्लग घालतात आणि मग त्यांना कळतं की एका सिलिंडरला दमच नाही. हा क्रम उलटा करा.

पेट्रोलची चावी बंद करा. फ्युएल इंजेक्शनच्या स्कीला फ्युएल पंपाचा जोड सोडवा. सगळे प्लग काढलेले असू देत. प्लगच्या वायरी इंजिनाला किंवा त्यासाठी दिलेल्या अर्थिंगच्या खुंट्यांना नीट लावा. जुन्या सी-डूवर अशा खुंट्या असतात. वायरी मोकळ्या लोंबत ठेवल्या तर ठिणगी उडते, आणि इग्निशनचा डबाही जळू शकतो. आधी भोकांवर फडकं टाकून स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवा म्हणजे आत सोडलेलं ऑइल आणि असेल ते पाणी बाहेर पडेल. तोंड त्या भोकांवर नेऊ नका. मग गेज लावा, थ्रॉटल (हँडलवरचा वेगाचा खटका) पूर्ण दाबून धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत फिरवा.

७०१ किंवा ७८७ सारख्या टू-स्ट्रोकला १५० पीएसआयच्या आसपास आकडा यावा. १२० च्या खाली आला तर इंजिन खोलायची वेळ आली आहे. दोन सिलिंडरांतला फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. एकाला १५० आणि दुसऱ्याला ११५ अशी स्की चालू होईल, किनाऱ्यावर लोक टाळ्याही वाजवतील, पण ती फार दिवस टिकणार नाही. आत ऑइल असल्यामुळे पहिला आकडा थोडा फुगलेला येतो. इंजिन एकदा चालून गरम झालं की पुन्हा मोजा, तो आकडा खरा.

आकडा पडलेला असेल तर इथेच थांबून हिशेब करा. जुन्या टू-स्ट्रोकचं टॉप एंड, म्हणजे पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट बदलणं, परवडू शकतं. क्रँकची बेअरिंगं गंजली असतील तर मात्र बाजारभाव विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

७. जुनं पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. "वर नवीन टाकलं की चालतं" हे ऐकू नका.

पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणातल्या चार पावसाळ्यांत भरपूर ओढतं. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. बघायचं असेल तर टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर हलवू नका. वर पिवळट, व्हार्निशच्या वासाचा थर आणि खाली वेगळी, किंचित गढूळ पट्टी दिसेल. टाकीतली नळी पेट्रोल तळाजवळून उचलते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याच पट्टीचा मिळतो.

टाकी उपसून झाली की तळात उरलेलं फडक्याने टिपून घ्या. काढलेलं पेट्रोल खाडीत, वाळूत किंवा शेतात ओतू नका. देवबागसारख्या ठिकाणी विहिरी वाळूतल्या, आणि गोडं पाणी हातभर खाली. बंद डब्यात ठेवून गॅरेजला सुटे भाग धुवायला द्या. मोटारसायकलच्या टाकीत घालून "वाया जाऊ द्यायचं नाही" असं करणाऱ्यांना दुसरी दुरुस्ती करावी लागते.

टाकी रिकामी आहे तोवर नळ्या बघा. बोटांनी वाकवल्यावर तडे दिसले किंवा नळी चिकट लागली, तर सगळ्या बदला. नव्वदच्या दशकातल्या सी-डूमध्ये राखाडी रंगाच्या नळ्या असतात. त्या आतून विरघळून हिरवट चिकटा होतो आणि तो थेट कार्बोरेटरच्या जाळीत जाऊन बसतो. अशा नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी ठेवू नका. पेट्रोलची चावी आतून तपासा, पाणी वेगळं करणारी वाटी धुवा, फिल्टर बदला.

नवीन पेट्रोल पाच लिटरच घ्या. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या स्कीच्या मॅन्युअलांमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. म्हणून पेट्रोल साठवून ठेवायचं नाही. लागेल तेवढं आणा आणि संपवा.

८. कार्बोरेटर: इथे घाई केली की पिस्टन गेला

पूर्ण कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. टू-स्ट्रोक वाचते की जाते, ते बहुतेक वेळा इथे ठरतं.

या स्कींवर बहुधा मिकुनीचे डायफ्रॅमवाले कार्बोरेटर असतात. मोटारसायकलसारखा फ्लोट त्यात नसतो, रबराचा पातळ पडदा ते काम करतो. खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा, कारण गॅस्केट आणि डायफ्रॅम यांचा क्रम उलटला तर पेट्रोल एकतर येत नाही, नाहीतर वाहतं. पंपाच्या बाजूचं झाकण उघडलं की आत नखाएवढी जाळी दिसेल. सगळी घाण तिथे सापडते. निम्मी जाळी बंद असली तरी इंजिन आयडलला, म्हणजे थ्रॉटल न दाबता, छान चालतं, कारण आयडलला पेट्रोल थोडंच लागतं. पाण्यावर जाऊन थ्रॉटल पूर्ण दाबलं की पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टनचं डोकं तापतं आणि मिनिटाभरात भोक पडतं. "आयडलला तर मस्त चालत होती" हे वाक्य यानंतर हमखास ऐकू येतं.

जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे, काढून उजेडाकडे धरा. आरपार गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा. पितळी जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका. भोक एक केस मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) आणि ती जिच्यावर बसते ती सीट यांवर रेघ दिसली तर दोन्ही बदला. डायफ्रॅम कडक झाला असेल तर किटशिवाय इलाज नाही, आणि किट मूळ कंपनीचं घ्या. स्वस्त किटमधला पडदा नवा असतानाच ताठ असतो.

दोन कार्बोरेटर असतील तर दोन्ही एकाच वेळी साफ करा. "एकच खराब वाटतोय" म्हणून एकच खोलणं हा खोटा वाचवलेला वेळ आहे. हवेचे आणि पेट्रोलचे स्क्रू काढण्याआधी ते पूर्ण आत किती आट्यांनी जातात ते मोजून लिहा, म्हणजे परत तेवढेच बाहेर ठेवता येतील.

फ्युएल इंजेक्शनच्या स्कीत हे काम नसतं. तिथे टाकीतला फ्युएल पंप आणि इंजेक्टर बघायचे. सोडवलेला जोड परत लावा. पंप चालू होताना टाकीला कान लावला की गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर फ्यूज, मग जोड, मग पंप या क्रमाने जा. इंजेक्टर तुंबले असतील तर मोटारींचे इंजेक्टर यंत्रावर साफ करून देणाऱ्यांकडे न्या. कोल्हापुरात असं काम करणारे सहज भेटतात.

९. ऑइल

फोर-स्ट्रोकचं ऑइल आणि फिल्टर चालू करण्याआधीच बदला. डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीसारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी आहे. मग नवीन ऑइल घालून थोडा वेळ चालवून पुन्हा बदलावं लागेल, आणि रंग परत दुधाळ झाला तर पाणी कुठून येतंय ते शोधावं लागेल. ४-टेकमध्ये कूलंटची पातळी आणि रंगही बघा.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पंपाच्या बारीक नळ्यांत हवा शिरलेली असते. हवेचा बुडबुडा सरकत असताना इंजिन ऑइलशिवाय चालतं. म्हणून पहिल्या पाच लिटर पेट्रोलमध्ये ५० ला १ या प्रमाणात ऑइल मिसळा, म्हणजे लिटरला २० मिली. ऑइल पंप जोडलेला असला तरी मिसळा. धूर जास्त येईल, प्लग थोडे काळे होतील, त्याने काही बिघडत नाही. पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करून ऑइल सलग येऊ द्या. नळ्या पारदर्शक असतात, बुडबुडे दिसतात.

ऑइलचा प्रकार बघून घ्या. यामाहाला टीसी-डब्ल्यू३ चालतं. सी-डूच्या रोटॅक्स टू-स्ट्रोकला, विशेषतः एक्झॉस्टमध्ये रेव्ह व्हॉल्व असलेल्या ७८७ ला, एपीआय-टीसी दर्जाचं लागतं.

१०. वायरिंग, अर्थिंग आणि किल कॉर्ड

खाऱ्या हवेत सगळ्यात आधी अर्थिंग जातं. बॅटरीची काळी वायर इंजिनाला जिथे लागते तो बोल्ट काढा, दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत घासा, परत लावून वरून ग्रीस द्या. बटण दाबल्यावर नुसता "टक" आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर दोष बहुतेकदा इथे किंवा स्टार्टरच्या रिलेत असतो. लोक मात्र आधी स्टार्टर मोटर बदलतात. जोडांच्या पिनांवर हिरवट चुरा दिसला तर स्प्रे मारून बारीक ब्रशने साफ करा.

अजिबात काहीच झालं नाही, "टक" सुद्धा नाही, तर आधी किल कॉर्ड बघा, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी. तिची क्लिप नीट बसलेली नसली तर काहीही होणार नाही. सी-डूच्या चावीला दोन छोट्या बीप आल्या पाहिजेत. यामाहाच्या काही स्की रिमोटने लॉक होतात, आणि चार वर्षांपूर्वी मालकाने लॉक करून ठेवलेली असेल तर रिमोटमध्ये नवा सेल घातल्याशिवाय ती जागी होणार नाही.

शेवटी नवे प्लग. एक बाहेर काढून इंजिनाला टेकवा आणि स्टार्टर फिरवून ठिणगी बघा. आधी पेट्रोलचा वास कुठेही येत नाही याची खात्री करा.

११. पहिलं स्टार्ट: इंजिन, पाणी, पाणी, इंजिन

हे चार शब्द सोबत्याकडून पाठ करून घ्या.

पाण्याचा पाइप फ्लशिंगच्या जोडाला लावा, पण नळ बंद. आधी इंजिन चालू, लगेच पाणी चालू. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन बंद. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये जातं. इंजिन चालू असेल तर एक्झॉस्टचा झोत पाण्याला बाहेर ढकलत राहतो. पाण्याशिवाय १५ सेकंदांपेक्षा जास्त चालवायचं नाही, कारण एक्झॉस्टच्या रबरी नळ्या लगेच तापतात.

नवखे फसतात ते वेगळ्या ठिकाणी. इंजिन चालू झालं, पाणी सोडलं, आणि इंजिन आपोआप बंद पडलं. सगळे इंजिनाकडे बघत राहतात, नळ मात्र चालूच. म्हणून नळावरच्या माणसाने नळावरचा हात काढायचा नाही. इंजिन बंद पडताच, कुणी सांगायची वाट न पाहता, नळ बंद.

स्टार्टर एका वेळी पाच-सहा सेकंदच फिरवा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. रिकाम्या नळ्यांत पेट्रोल यायला वेळ लागतो. दहा-पंधरा सेकंद आयडलला चालून बंद पडली तर घाबरू नका. ती चालली याचा अर्थ ठिणगी आहे आणि कॉम्प्रेशन आहे, आता पेट्रोलचा रस्ता तपासायचा.

चालू राहिली की त्या पेन्सिलच्या भोकातून धार येतेय का ते बघा. धार नसेल तर बंद करा. नळ्यांमध्ये मीठ साचलेलं असतं. एक-दोन मिनिटं आयडल पुरे. सी-डूमध्ये शाफ्ट हलमधून बाहेर पडतो तिथल्या कार्बन रिंगला जमिनीवर पाणी मिळतच नाही, त्यामुळे पाइप लावलेला असला तरी तिला फार वेळ चालवू नका.

१२. चालूच होत नसेल तर

ठिणगी आहे, प्लग कोरडे: पेट्रोल येत नाही. चावी, फिल्टर, कार्बोरेटरची जाळी.

ठिणगी आहे, प्लग ओलेचिंब: जास्त पेट्रोल. प्लग काढून पुसा, पेट्रोल बंद करून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर फिरवा. ४-टेकमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून बटण दाबलं की पेट्रोल आपोआप बंद राहतं.

ठिणगी नाही: किल कॉर्ड, फ्यूज, जोड, मग कॉइल.

चोकवरच चालते, चोक काढला की मरते: मिश्रण पातळ आहे. कार्बोरेटर पुन्हा खोला. या अवस्थेत पाण्यावर नेऊ नका.

१३. पंप आणि पाण्यावरची चाचणी

खालून जाळीतून इम्पेलर (पंपातला पात्यांचा पंखा) हाताने फिरवा, इंजिन बंद आणि किल कॉर्ड काढलेली. बेअरिंगची घरघर जाणवली तर पंप उतरवा. शाफ्टभोवती नायलॉनचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असतो, तो कापून काढा. यामाहात शाफ्टच्या मधल्या बेअरिंगला ग्रीसची निपल असते, तिला ग्रीस द्या.

पाण्यात उतरवण्याआधी कागदपत्रं बघा. नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला, विमा, खरेदीचं बिल, आयात केलेली असेल तर कस्टम्सचे कागद. इतक्या वर्षांत यातलं बरंच संपलेलं असतं. महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाचं जवळचं बंदर कार्यालय आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, तिथे आधी विचारा. पर्यटकांना बसवायचं असेल तर वॉटर स्पोर्ट्सचा परवाना वेगळा.

चाचणी समुद्रात करू नका. कर्ली नदीच्या खाडीसारखं शांत पाणी बघा, निदान तीन फूट खोल. उथळ पाण्यात पंप वाळू ओढतो आणि ती थेट कूलिंगच्या नळ्यांत जाते. लाइफ जॅकेट घाला, किल कॉर्ड मनगटाला किंवा जॅकेटला लावा, आणि ओढून आणायला दुसरी होडी जवळ ठेवा. ड्रेन प्लग घट्ट केलेत ना, ते सोबत्यालाही एकदा तपासू द्या.

आधी ट्रेलरवरच, बांधलेल्या अवस्थेत, मागचा भाग पाण्यात ठेवून पाच मिनिटं आयडलला चालवा आणि सीट काढून आत बघा. शाफ्टच्या तोंडाशी पाणी झिरपताना दिसलं तर तिथेच परत फिरा. कोरडं असेल तर किनाऱ्याच्या हाकेवर राहून दहा मिनिटं अर्ध्या थ्रॉटलच्या आत चालवा. परत या, प्लग काढा. चॉकलेटी रंग म्हणजे ठीक. पांढरटफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, त्या दिवशी पुढे जायचं नाही.

१४. परत ठेवताना

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने पाच मिनिटं फ्लश करा, त्याच क्रमाने. सी-डू असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेपेक्षा जास्त नको. पाणी बंद केल्यावर थ्रॉटल दोन-तीनदा हलकं दाबून एक्झॉस्टमधलं पाणी उडवा आणि लगेच इंजिन बंद करा. सीट काढून ठेवा, आतला भाग सुकू द्या.

पावसाळ्यासाठी ठेवताना टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. जमिनीवर हे करायचं तर पाइप लावूनच, आणि बंद पडताच नळ बंद. मग प्लगच्या भोकातून फॉगिंग ऑइल (आतून गंज रोखणारं) सोडून शाफ्ट हाताने दोन फेरे फिरवा आणि प्लग परत लावा. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. एक्झॉस्टच्या तोंडात फडकं कोंबा, त्याला लाल रिबन बांधा म्हणजे सप्टेंबरमध्ये काढायला विसरणार नाही. आणि धारेच्या त्या भोकावर चिकटपट्टी लावा.